ताणा आणि ताण : बँकेतील नोकरीसंबंधी काही विचार

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



भगवान जिव्हेश्वरांना वंदन करून मी आजच्या विषयास हात घालतो. कार्यकारी मंडळाने मला दिलेला विषय असा आहे : 'बँकेतील कर्मचाऱ्यांवरील कामाचा ताण आणि त्याचा त्यांच्या कामगिरीवर होणारा परिणाम'. निवृत्त शाळामास्तराने बँकेविषयी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु वर्गात आयुष्य घालवलेल्या माणसाला एक गोष्ट पुरती ठाऊक असते. धाकाने पाढे पाठ होतात, पण धाकाने उदाहरण सुटत नाही. बँकेतील ताणाचे रहस्यही माझ्या समजुतीप्रमाणे याच अनुभवात साठवलेले आहे. ते यथामती उलगडून सांगण्याचा मी प्रयत्न करतो.

प्रथम या विषयाची निकड सांगतो. हातमागाचा धंदा खालावला तेव्हा आपल्या समाजाने शिक्षणाची कास धरली. १९ जुलै १९६९ रोजी देशातील १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १५ एप्रिल १९८० रोजी आणखी ६ बँका त्यांत सामील झाल्या, आणि तालुक्यातालुक्यांत, खेड्यापाड्यांत शाखा निघाल्या. आपल्या घरांतील कित्येक मुले त्या शाखांत कारकून व रोखपाल म्हणून चिकटली, आणि पुढे त्यांतले काही अधिकारी झाले. घराला स्थैर्य आले, बहिणींची लग्ने झाली, धाकट्यांची शिक्षणे पुरी झाली. सोयरीक जुळवताना 'मुलगा बँकेत आहे' एवढे एक वाक्य पुरेसे होई. हे ऋण आपण विसरता कामा नये. तथापि त्या नोकरीचे स्वरूप मधल्या काळात पार पालटले, आणि आपल्या मनातील तिचे चित्र मात्र जुनेच राहिले. मुलगा किंवा मुलगी रात्री नऊ वाजता घरी येऊन न जेवता निजते, तेव्हा आपण म्हणतो, "पंख्याखाली बसून काम करायचे, त्यात थकण्यासारखे काय आहे?" आजचे माझे भाषण मुख्यत्वे या प्रश्नाला उत्तर म्हणून आहे.

पालट काय झाला तो थोडक्यात पाहू. २०००-०१ साली सार्वजनिक बँकांतून स्वेच्छानिवृत्तीची योजना निघाली आणि सुमारे एक लाख कर्मचारी त्या योजनेखाली घरी गेले. २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजनेचा आरंभ झाला व उद्घाटनाच्या एकाच दिवशी सुमारे दीड कोटी खाती उघडली गेली. ९ मे २०१५ रोजी जीवनज्योती व सुरक्षा या दोन विमा योजना आणि अटल पेन्शन योजना आल्या. गरिबांच्या दृष्टीने यांतील पुष्कळ कार्य मोलाचे आहे यात शंका नाही. परंतु प्रत्येक खात्यामागे, प्रत्येक अर्जामागे कोणी तरी टेबलाशी बसलेला माणूस असतो. पुढे बँकांचे विलीनीकरण झाले. २०१७ च्या आरंभी २७ असलेल्या सार्वजनिक बँका १ एप्रिल २०२० रोजी १२ उरल्या. विलीनीकरण म्हणजे कागदावर दोन नावांचे एक नाव होणे. परंतु कर्मचाऱ्याच्या दृष्टीने नवे संगणक, नवे नियम, नवे वरिष्ठ आणि अनेकदा नवे गाव. त्याच सुमारास मोबाईलवरून पैसे देण्याघेण्याची सोय झाली. तीमुळे खिडकीवरची गर्दी काही अंशी घटली हे खरे. पण ज्याचे पैसे मध्येच अडकले तो खातेदार आपल्या रागासह शाखेतच येतो.

आता 'ताण' या शब्दाचा विचार करू. इंग्रजीत या अर्थी रूढ झालेला शब्द यंत्रशास्त्रात पूर्वीपासून होता. कॅनडातील माँट्रियल शहरी संशोधन करणारे डॉ. हान्स सेली यांनी १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांवरून असे दाखवले की, थंडी असो, जखम असो वा विष असो, शरीर प्रत्येक संकटाला बव्हंशी एकाच रीतीने तोंड देते. आधी ते सावध होते, मग प्रतिकार करते, आणि संकट हटले नाही तर अखेरीस थकून हात टेकते. या अवस्थेला पुढे त्यांनी तो यंत्रशास्त्रातला शब्द लावला. आपल्याला मात्र एवढ्या दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या पूर्वजांच्या मागावर उभे सूत असे, त्याला आपण 'ताणा' म्हणतो. धोट्याबरोबर आडवा जातो तो 'बाणा'. ताणा सैल असला तर धाग्यांमधली वाट नीट उघडत नाही, धोटा अडतो आणि कापड वेडेवाकडे उतरते. तोच फाजील ताणला तर धागा तटकन तुटतो. म्हणून जाणता विणकर ताण्याला अगोदर खळ देऊन सूत बळकट करी. कोरड्या हवेत सुती धागा अधिक तुटतो हे ओळखून तो खड्ड्याच्या मागावर जमिनीच्या ओलाव्याचा लाभ घेई. आणि इतके करूनही धागा तुटलाच, तर माग थांबवून तो तिथल्या तिथे सांधी. ताण मापात असावा, धाग्याला आधी बळ द्यावे, आणि तुटल्याबरोबर थांबावे, या तीन गोष्टी ज्याला कळल्या त्याला आजचा विषय निम्मा कळला असे मी समजतो.

ताण मापात असावा म्हणजे किती असावा? येथे एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९०८ साली रॉबर्ट यर्क्स व जॉन डॉडसन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी उंदरांना दोन खोक्यांतील फरक ओळखण्यास शिकवले. चुकीच्या खोक्यात शिरणाऱ्या उंदराला विजेचा धक्का बसे. खोक्यांतील फरक ढळढळीत होता, तेव्हा धक्का जितका जोराचा तितके उंदीर लवकर शिकले. परंतु फरक सूक्ष्म केला, तेव्हा जोराच्या धक्क्याने त्यांचे शिकणे बिघडले. मध्यम धक्क्यानेच ते उत्तम शिकले. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हे मी जाणतो. तरीही या प्रयोगाने दाखवलेली दिशा मास्तराच्या अनुभवाशी जुळते. सोपे काम दडपणाखाली उरकते, अवघड काम दडपणाखाली बिघडते.

हाच नियम बँकेला लावून पाहा. नोटांची बंडले बांधणे, पासबुके भरून देणे ही कामे गर्दीच्या रेट्याने भराभर होतात. परंतु समोर बसलेल्या दुकानदाराचा धंदा खरोखर चालतो की नाही, त्याने दिलेले तारण निर्वेध आहे की नाही, धनादेशावरील सही तीच आहे की नाही, हे ठरवणे म्हणजे सूक्ष्म फरक ओळखणे होय. येथे धक्का जितका जोराचा, तितकी नजर मंद होते. माझी एक माजी विद्यार्थिनी एका बँकेत कर्जविभागात अधिकारी आहे. ती सांगत होती की, पूर्वी कर्जाचा एक अर्ज वाचण्यास तिला तास लागे. हल्ली ती तो दहा मिनिटांत हातावेगळा करते, आणि रात्री तीन तास अंथरुणावर त्याच अर्जाचा विचार करीत पडते. वरिष्ठांच्या तक्त्यात तिचे काम सहापट वाढलेले दिसते. वास्तविक ते कोठे गेले आहे, हे आपणच ठरवा.

तथापि नुसते काम पुष्कळ असणे हा एकच दोष नव्हे. याचे उदाहरण आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिले आहे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी रात्री पाचशे व हजार रुपयांच्या नोटा चलनातून रद्द झाल्याची घोषणा झाली. चलनातील एकूण मूल्याच्या सुमारे ८६ टक्के नोटा एका रात्रीत बाद ठरल्या. ९ तारखेस बँका बंद होत्या. १० तारखेस उघडल्या, त्या वेळी दाराबाहेर रांगा रस्त्यापर्यंत पोहोचल्या होत्या. त्या आठवड्यात शनिवारी व रविवारीही बँका चालू राहिल्या. नोटा बदलून देण्याची मर्यादा आधी ४,०००, मग ४,५००, मग २,००० अशी बदलत गेली आणि दर बदलाचा जाब खिडकीमागच्या माणसाला द्यावा लागला. हिशेबात रोकड कमी भरली तर ती रोखपालाने भरून द्यावयाची, ही तर बँकेची जुनी रीत. त्या निर्णयाच्या गुणदोषांची चर्चा हा माझा आजचा विषय नाही. मला लक्षात आणून द्यावयाचे आहे ते एवढेच की, इतका ताण पडूनही बहुतेक कर्मचारी त्या दिवसांत ताठ उभे राहिले. कारण काम कोणते ते स्पष्ट होते, सगळी शाखा एकत्र होती, आणि जुन्या नोटा भरण्याची मुदत ३० डिसेंबरला संपणार हे ठाऊक होते. ज्या ताणाचा शेवट दिसतो तो ताण माणूस पेलतो.

याच्या उलट टार्गेट या नावाने जे ओळखले जाते, आणि ज्याला आपण लक्ष्यांक म्हणू, त्याला शेवट नाही. ३१ मार्चला एक लक्ष्यांक संपतो आणि १ एप्रिलला दुसरा, बहुधा मोठा, समोर येतो. ठेवी किती आणल्या, विमा किती विकला, थकबाकी किती वसूल केली, याची दररोज विचारणा होते. आता गावात पाऊस पडला नाही म्हणून शेतकऱ्याचा हप्ता थकला, तर त्यात शाखाधिकाऱ्याचा हात नाही. परंतु जाब त्याला द्यावा लागतो. अधिकार अल्प आणि जबाबदारी अनंत, अशी ही स्थिती. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली असेच प्रतिपादन केले की, माणसाला सर्वांत अधिक झिजवते ते असे काम, ज्यात मागणी मोठी असते आणि ते कसे करावे हे ठरवण्याची मोकळीक मुळीच नसते. ब्रिटनमध्ये १९६७ पासून सरकारी कर्मचाऱ्यांची जी मोठी पाहणी झाली, तिच्यातही असे आढळले की, हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण वरिष्ठ हुद्देदारांपेक्षा अगदी खालच्या श्रेणीच्या कर्मचाऱ्यांत सुमारे तिप्पट होते. 'साहेबांना ताण, शिपायाला आराम' ही आपली समजूत त्यामुळे खोटी ठरली. पुढे १९८५ पासून तेथेच दुसरी पाहणी झाली. तिने कामावरील अधिकाराचा अभाव हेही यामागील एक महत्त्वाचे कारण असल्याचे दाखवले.

अशा ताणाने कामगिरी कशी ढासळते? माझ्या निरीक्षणाप्रमाणे ती पायरीपायरीने ढासळते, आणि वरिष्ठांच्या तक्त्यात ती सर्वांत शेवटी दिसते.

पहिली पायरी अंकांची. थकलेला हात ५,२७० च्या जागी ५,७२० लिहितो. जुने हिशेबनीस ताळा जुळला नाही की फरकाला नवाने भाग जातो का ते पाहत. जात असेल तर शेजारचे दोन अंक उलटसुलट पडल्याचा संशय घ्यावयाचा. आमच्या उदाहरणात फरक ४५० चा आहे आणि नऊ पन्ने साडेचारशे. युक्ती चांगली आहे, पण चूक शोधण्यात गेलेला तास परत येत नाही.

दुसरी पायरी वाणीची. खिडकीवर आलेली म्हातारी दुसऱ्यांदा तोच प्रश्न विचारते आणि एरवीचा सौजन्यशील कारकून तिच्यावर खेकसतो. तो स्वभावाने उद्धट नसतो; त्याच्याजवळचा धीर त्या दिवसापुरता संपलेला असतो.

तिसरी पायरी दक्षतेची. बँकेत नोंद एकाने करावी व दुसऱ्याने ती तपासावी असा दंडक आहे. माणसे अपुरी पडली की तपासणारा न वाचताच मान्यता देतो. कुलूप तसेच लटकलेले असते. किल्ली मात्र सर्वांच्या हाती असते.

चौथी व अखेरची पायरी सत्याची. येथे मी आपणास परदेशातील एक प्रसंग सांगतो, कारण तो सरकारी चौकशीतून जगापुढे आलेला आहे. अमेरिकेत वेल्स फार्गो नावाची १८५२ साली स्थापन झालेली प्रतिष्ठित बँक आहे. प्रत्येक ग्राहकाला बँकेच्या आठ वस्तू विकाव्यात, असे ध्येय तिने आपल्या नोकरांपुढे ठेवले. ज्यांना ते साधेना त्यांनी नोकरी टिकवण्यासाठी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावे खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, तेव्हा अशी संशयास्पद ठेवखाती सुमारे १५ लाख आणि क्रेडिट कार्डांचे अर्ज साडेपाच लाखांवर असल्याचे बाहेर आले. पुढल्या वर्षी एकूण आकडा ३५ लाखांपर्यंत असावा असे बँकेनेच कबूल केले. सुमारे ५,३०० नोकर बडतर्फ झाले. २०२० साली बँकेला ३०० कोटी डॉलर भरून तडजोड करावी लागली. कागदावर मात्र तोवर त्या बँकेची विक्री वाखाणली जात होती. धागा तुटला असताना माग न थांबवता विणत गेल्यास वार भरते. परंतु ठाण उलगडल्यावर बाजारात लाज जाते, ती अशी.

आपल्या देशात म्हाताऱ्या ठेवीदाराला मुदत ठेव म्हणून विमा गळ्यात बांधल्याच्या तक्रारी ऐकू येतात, त्यांचाही विचार याच दृष्टीने करावा. फसवणुकीचे समर्थन मी करीत नाही. उपाशी माणसाची चोरीही चोरीच असते. पण चोर धरताना त्याला उपाशी ठेवणाऱ्याकडे पाहूच नये, हा न्याय नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामामुळे माणूस आतून जळून जाण्याच्या या अवस्थेची तीन लक्षणे नमूद केली : शक्ती संपल्याची भावना, आपल्या कामाविषयी तुटकपणा वा तिटकारा, आणि कार्यक्षमतेत घट. हा स्वतंत्र रोग नसून नोकरीतील दीर्घकाळच्या, न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था आहे, असेही त्या संघटनेने स्पष्ट केले. म्हणजे यात केवळ व्यक्तीच्या दुबळेपणाला दोष देऊन चालणार नाही.

आता उपायांकडे वळतो. बँकांनी करावयाचे ते बँकांनी करावे : माणसे पुरी द्यावीत, लक्ष्यांक ठरवताना शाखेचे गाव पाहावे, आणि अवघड कामाला वेळ द्यावा. जोखमीच्या जागेवरील कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा सलग किमान दहा कामाचे दिवस, पूर्वसूचना न देता, रजेवर पाठवावे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२१ चा आदेश आहे. त्याचा हेतू लबाडी उघडकीस आणण्याचा आहे. परंतु हिशेबाच्या रक्षणासाठी जी रजा आवश्यक मानली, ती माणसाच्या रक्षणासाठीही तितकीच आवश्यक नाही काय?

नोकरी करणाऱ्या आपल्या तरुणांना माझे तीन शब्दांत सांगणे आहे. झोप मोडू नका. न वाचता सही करू नका. वरिष्ठांनी तोंडी दडपण आणले तर लेखी आज्ञा मागा. आणि मन फारच खचले, जगणे नकोसे वाटू लागले, तर ते लपवू नका. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने टेलि-मानस ही दूरध्वनीची सोय केली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही, मराठीतूनही, बोलता येते आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. तापासाठी वैद्याकडे जाण्यात जशी लाज नाही, तशी यातही नाही.

परंतु बँका व कर्मचारी यांच्यावर सगळा भार टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. बंधूभगिनींनो, थोडे कठोर बोलतो, त्याची क्षमा असावी. 'आपला माणूस बँकेत आहे' या वाक्याचा आपण काय अर्थ करतो? कागदपत्रे अपुरी असताना कर्ज मिळावे, रांगेत उभे राहावे लागू नये, भाच्याच्या थकलेल्या हप्त्याकडे डोळेझाक व्हावी, असा नव्हे काय? २०१६ च्या नोव्हेंबरात आपल्या किती घरांतून 'आपल्या' रोखपालाकडे रात्री फोन गेले, हे ज्याचे त्याने आठवावे. त्या बिचाऱ्याला वरून विभागीय कार्यालय ताणते आणि खालून सोयरेधायरे ताणतात. नाही म्हटले तर लग्नकार्यात तोंड चुकवावे लागते. होय म्हटले तर नोकरी जाण्याची पाळी. ज्ञातीचा अभिमान म्हणजे ज्ञातीतील माणसाला नियम मोडावयास लावणे नव्हे. यापुढे आपल्या बँकेतील नातलगाकडे आपण नियमाबाहेरची मागणी करणार नाही, एवढा निश्चय या सभेने केला तर आजचे संमेलन सार्थकी लागले असे मी म्हणेन.

मंडळाकरिता दोन सूचना करतो. पहिली, बँकेतील ज्ञातिबांधवांची गाववार यादी मंडळाने ठेवावी, म्हणजे बदली होऊन परगावी गेलेल्या मुलामुलींना, विशेषतः एकट्या राहणाऱ्या मुलींना, चार दिवस उतरण्याची सोय व आपुलकीचा शब्द मिळेल. दुसरी, बँकेतून निवृत्त झालेल्या ज्येष्ठांनी महिन्यातून एक सायंकाळ तरुणांसाठी द्यावी. त्यांनी उपदेश कमी करावा आणि ऐकावे अधिक. ताण्याला खळ देण्याचे काम पूर्वी सगळे घर मिळून करीत असे. हेही तसेच घराचे काम आहे.

आणि घरी मुलगी रात्री नऊला आली, तर बढती केव्हा, पगार किती वाढला, हे प्रश्न दुसऱ्या दिवसावर टाकावेत. तिला आधी गरम भात वाढावा. बोलावयाचे असेल तर ती आपण होऊन बोलेल, आणि बोलू लागली तर कोणी मध्ये बोलू नये.